काढलेली डिस्क परत लावली की एसडीबीची एसडीसी होते: मागे कोण धरून बसलंय ते कसं शोधायचं

लक्षण असं. लिनक्सच्या मशीनला यूएसबी हार्ड डिस्क लावलेली आहे, तिचं नाव एसडीबी. रात्रीचा बॅकअप तिच्यावर जातो. कधीतरी केबल हलते किंवा डिस्क आपोआप सुटते आणि लगेच परत लागते. परत लागल्यावर मात्र ती एसडीबी राहत नाही, एसडीसी होते. पुढच्या वेळी एसडीडी. जुन्या फोल्डरमध्ये एलएस करून फाइलींची यादी मागितली की 'इनपुट/आउटपुट एरर', यूमाउंट केलं, म्हणजे फोल्डरला जोडलेली (माउंट केलेली) डिस्क सोडवायला गेलं, की 'टार्गेट इज बिझी'. मशीन रीस्टार्ट केलं की सगळं ठीक, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच.

यावर सगळे रीस्टार्टच सुचवतात. त्याने काम भागतं, पण कारण कळत नाही, म्हणून दुखणं परत येतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिव्हाइस कसं मांडतो आणि ते गेल्यावर त्याचं काय करतो, एवढं एकदा नीट समजलं की ही समस्या मशीन चालू ठेवूनच सुटते. खाली कमांड आणि पाथ उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत; टर्मिनलवर ते रोमन लिपीत द्यायचे.

आधी खात्री करून घ्या

दोन कमांड पुरतात: एलएसबीएलके आणि फाइंडएमएनटी. पहिली कर्नलकडे आत्ता कोणती ब्लॉक डिव्हाइस (डिस्कसारखी उपकरणं) आहेत ते दाखवते, दुसरी काय कुठे माउंट आहे ते. या दुखण्यात दोघींची उत्तरं जुळत नाहीत. एलएसबीएलकेमध्ये एसडीए आणि एसडीसी दिसतात, एसडीबीचा मागमूस नसतो. फाइंडएमएनटी मात्र सांगते की /एमएनटी/बॅकअप वर /डेव्ह/एसडीबी१ माउंट आहे. /डेव्ह मध्ये पाहिलं तर एसडीबी१ नावाची फाइलच नाही. म्हणजे जे डिव्हाइस कुठेच नाही, त्यावरची फाइल सिस्टिम अजून माउंट आहे.

मग डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, त्या वेळच्या ओळी काढा. साधारण अशा असतात:

यूएसबी २-१: यूएसबी डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर ४
एसडी १:०:०:०: [एसडीबी] सिंक्रोनायझिंग एससीएसआय कॅशे
एसडी १:०:०:०: [एसडीबी] सिंक्रोनाइझ कॅशे(१०) फेल्ड: रिझल्ट: होस्टबाइट=डीआयडी_नो_कनेक्ट
बफर आय/ओ एरर ऑन डेव्ह एसडीबी१, लॉस्ट सिंक पेज राइट
यूएसबी २-१: न्यू सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ५ यूझिंग एक्सएचसीआय_एचसीडी
एसडी २:०:०:०: [एसडीसी] अटॅच्ड एससीएसआय डिस्क

यात '२-१' म्हणजे दुसरी यूएसबी बस, पहिला पोर्ट. डिस्क त्याच पोर्टवर परत आली, म्हणून तो आकडा तसाच आहे. डिव्हाइस नंबर ४ चा ५ झाला याची काळजी करू नका. कर्नल तो आकडा प्रत्येक जोडणीला पुढचा देत जातो, १२७ पर्यंत गेला की परत सुरुवातीच्या आकड्यांकडे वळतो. लक्ष द्यायचं ते शेवटच्या ओळीकडे: १:०:०:० होतं ते २:०:०:० झालं आणि एसडीबीचं एसडीसी. यातला पहिला आकडा आणि डिस्कचं अक्षर, ही दोन्ही कर्नल सर्वांत आधीचं मोकळं पाहून देतो. एसडीबी मिळालं नाही याचा अर्थ एसडीबी अजून मोकळं झालेलं नाही.

'सिंक्रोनाइझ कॅशे फेल्ड' वाचून पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. डिस्कने स्वतःच्या आतली कॅशे (लिहायचा राहिलेला डेटा) चकतीवर उतरवावी, असा निरोप कर्नल देत असतो आणि तो घ्यायला समोर डिस्कच नसते. व्यवस्थित यूमाउंट केलेली डिस्क नुसती उपटली तरी ही ओळ येऊ शकते, आणि तेव्हा ती निरुपद्रवी असते. खरी हानी सांगणारी ओळ 'लॉस्ट सिंक पेज राइट' ही आहे. ती दिसली तर लिहायला निघालेलं काहीतरी डिस्कपर्यंत पोहोचलं नाही हे नक्की.

कर्नलमध्ये डिस्क म्हणजे एक साखळी

रीडलिंक -एफ /सिस/ब्लॉक/एसडीसी ही कमांड देऊन पाहा. उत्तर लांबलचक येतं:

/सिस/डिव्हाइसेस/पीसीआय००००:००/००००:००:१४.०/यूएसबी२/२-१/२-१:१.०/होस्ट२/टार्गेट२:०:०/२:०:०:०/ब्लॉक/एसडीसी

हा नुसता पाथ नाही, हा वंशवृक्ष आहे. पीसीआयवरचा यूएसबी कंट्रोलर, त्याची बस, बसवरचं २-१ हे उपकरण, त्या उपकरणाचा १.० हा इंटरफेस, त्या इंटरफेसवर स्टोरेज ड्रायव्हरने उभा केलेला एससीएसआय (डिस्कशी बोलायची एक ठरलेली भाषा) होस्ट, होस्टखाली टार्गेट, टार्गेटखाली डिस्क आणि सगळ्यात शेवटी एसडीसी हे ब्लॉक डिव्हाइस. तुमच्या हातात एकच डबी असली तरी कर्नलकडे ती अशा अनेक वस्तूंची रांग असते. रांगेतल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात केऑब्जेक्ट नावाची छोटी रचना असते आणि त्यात एक आकडा: मला सध्या किती जणांनी धरलंय. त्याला रेफरन्स काउंट म्हणतात. प्रत्येक अपत्य आपल्या पालकाला धरून असतं, म्हणून खालचं कोणी जिवंत असेपर्यंत वरच्यांची मेमरीही मोकळी होत नाही.

ही मांडणी पॅट्रिक मोशेल यांनी कर्नलच्या २.५ या विकासमालिकेत घडवली आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलबरोबर ती सर्वांच्या मशीनवर पोहोचली. /सिस हे तिचंच उघडं रूप. त्याआधी प्रत्येक बस आपापल्या डिव्हाइसांचा हिशेब आपापल्या पद्धतीने ठेवायची. पुढे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी हा गाभा सांभाळला, आणि /डेव्ह मधली नावं कर्नलबाहेरून लावणारा यूडेव्हही त्यांच्याच पुढाकाराने आला.

आता केबल उपटल्यावर काय होतं ते पाहू. हब, म्हणजे पोर्ट सांभाळणारा भाग, सांगतो की पोर्टवर बदल झाला. कर्नलचा हब सांभाळणारा कामगार '२-१ गेलं' असं ठरवतो आणि तोडणीचा निरोप साखळीतून वरून खाली जातो. इंटरफेसच्या ड्रायव्हरला कळवलं जातं, तो एससीएसआय होस्ट काढायला घेतो, होस्ट डिस्क काढायला घेतो, डिस्कचा ड्रायव्हर एसडीबीला यादीतून उतरवतो. /सिस मधल्या नोंदी जातात, /डेव्ह/एसडीबी जाते, यूडेव्हला 'रिमूव्ह' असा निरोप जातो. यानंतर नवं कोणी एसडीबी उघडू शकत नाही. हा झाला पहिला टप्पा, आणि तो लगेच पुरा होतो.

दुसरा टप्पा म्हणजे मेमरी आणि नंबर मोकळे करणं. तो रेफरन्स काउंट शून्यावर आल्यावरच होतो, आधी नाही. असं का? समजा एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) त्या डिस्कवरची फाइल उघडून ठेवली आहे. तिच्या हातातला धागा फाइल सिस्टिममधून थेट एसडीबीच्या रचनेपर्यंत जातो. कर्नलने ती मेमरी लगेच दुसऱ्या कामाला दिली तर त्या प्रोसेसचं पुढचं वाचन भलत्याच कुणाच्या मेमरीत घुसेल. म्हणून रचना जिवंत ठेवली जाते, आणि तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मागणीला 'इनपुट/आउटपुट एरर' हे उत्तर मिळतं. शाळा सोडून गेलेल्या मुलाचं नाव हजेरी घेताना पुकारत नाहीत, पण त्याचा दाखला निघेपर्यंत तो हजेरी क्रमांक दुसऱ्याला मिळत नाही, तसं हे आहे. एसडीबीमधलं 'बी' हे अक्षर डिस्कचा ड्रायव्हर या शेवटच्या क्षणालाच परत करतो. तोवर नव्या डिस्कला 'सी' घ्यावं लागतं.

कर्नलमध्ये या नियमाबद्दल इतका आग्रह आहे की एखाद्या ड्रायव्हरने आपल्या डिव्हाइसला रिलीज फंक्शन, म्हणजे शेवटी मेमरी मोकळी करणारं फंक्शन दिलं नसेल, तर तो लॉगमध्ये स्पष्ट लिहितो की हे मोडकं आहे आणि दुरुस्त केलंच पाहिजे. स्वतःचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना हा इशारा हमखास भेटतो, आणि रिकामं फंक्शन देऊन तो गप्प करण्याचा मोह होतो. तसं करू नका. ती मेमरी नेमकी कधी परत द्यायची, हा प्रश्न त्याने सुटत नाही, फक्त झाकला जातो.

तेव्हा एसडीबीचं एसडीसी होणं हा बिघाड नाही. एसडीबीला कोणीतरी अजून धरून बसलंय, एवढंच कर्नल सांगतोय.

धरून बसणारा शोधणं

पहिली आणि बहुतेक वेळा पुरेशी कमांड: फ्यूजर -व्हीएम /एमएनटी/बॅकअप. त्या फाइल सिस्टिमवर कोणत्या प्रोसेस आहेत ते ती दाखवते. यादीत 'कर्नल माउंट' अशी एक ओळ कायम असते. ती माउंटची स्वतःची, तिच्याकडे दुर्लक्ष करा. बाकीच्यांत बहुधा ओळखीचीच मंडळी निघतात: त्याच फोल्डरमध्ये उघडं राहिलेलं टर्मिनल, फाइल मॅनेजर, नेटवर्कवर फाइली देणारा सांबाचा एसएमबीडी, फाइलींची सूची बनवणारा इंडेक्सर, फाइली कॉपी करताना अर्धवट अडकलेला आरसिंक. त्यांना नीट बंद करा आणि साधं यूमाउंट द्या. डीमेसेजमध्ये फाइल सिस्टिमच्या जर्नलच्या (तिच्या स्वतःच्या नोंदवहीच्या) तक्रारी उमटतील. डिस्क समोर नसताना त्या येणारच.

इथे एक धोक्याची सूचना. फ्यूजर -केएम दिलं तर ती यादीतल्या सगळ्या प्रोसेस मारते. पण तो पाथ त्या क्षणी माउंट नसेल, तर ते फोल्डर मूळ फाइल सिस्टिमचाच भाग असतं, आणि मग मूळ फाइल सिस्टिमवरच्या सगळ्या प्रोसेस मारल्या जातात. म्हणून जोडीला कॅपिटल अक्षरातलं -एम जरूर द्या. पाथ खरोखर माउंट असेल तरच मग ती पुढे जाते.

फ्यूजरने काहीच दाखवलं नाही आणि तरी एसडीबी मोकळं होत नसेल, तर नावाऐवजी नंबराने शोधायचं. प्रत्येक ब्लॉक डिव्हाइसला दोन नंबर असतात: मेजर प्रकार सांगतो, मायनर त्यातलं नेमकं डिव्हाइस. एससीएसआय डिस्कचा (आपली यूएसबी डिस्कही यातच) मेजर नंबर ८, आणि प्रत्येक डिस्कला १६ मायनर नंबर. म्हणजे एसडीए ८:०, एसडीबी ८:१६, एसडीबी१ ८:१७, एसडीसी ८:३२. नाव गेलं तरी हा नंबर प्रोसेसांच्या नोंदीत राहतो. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफच्या उत्तरात '८,१७' शोधा. मिळणारी ओळ काहीशी अशी असते: बॅश, प्रोसेस नंबर, सीडब्ल्यूडी, डीआयआर, ८,१७. सीडब्ल्यूडी म्हणजे ते टर्मिनल त्या फोल्डरमध्ये बसलेलं आहे. त्याने एकही फाइल उघडलेली नसली तरी एवढ्याने एसडीबी अडकून राहतं.

तिथेही नसेल तर ग्रेप '८:१७' /प्रोक/*/माउंटइन्फो द्या. अनुभवी माणसंही इथे चुकतात. माउंटची यादी संपूर्ण मशीनला एकच असते असं आपण धरून चालतो, पण प्रत्येक कंटेनरला (बाकी मशीनपासून वेगळ्या चौकटीत चालणाऱ्या प्रोग्रामला) आणि सिस्टिमडीने सांभाळलेल्या, मागे चालणाऱ्या पुष्कळ सेवांना स्वतःची वेगळी यादी असते. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या एखाद्या कंटेनरला तुम्ही /एमएनटी आख्खं दिलं असेल, तर कंटेनर सुरू होताना /एमएनटी/बॅकअप च्या माउंटची एक प्रत त्याच्या यादीत गेली. डॉकर ती प्रत मुळातच खासगी ठेवतो, त्यामुळे बाहेर केलेलं यूमाउंट आत पोहोचत नाही. बाहेरून फाइंडएमएनटी स्वच्छ, फ्यूजर स्वच्छ, आणि आत एसडीबी१ जसंच्या तसं. तो कंटेनर रीस्टार्ट केला की एसडीबी सुटतं. मी ज्या बॅकअप मशीनची देखभाल करतो तिथे शेवटी हेच निघालं होतं: फोटो दाखवणाऱ्या एका कंटेनरला सोयीसाठी आख्खं /एमएनटी दिलेलं होतं. आता त्याला फक्त फोटोंचं फोल्डर दिलंय.

प्रोसेस नसलेले धरणारेही असतात. डिस्कवर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा थर) किंवा एनक्रिप्शन असेल तर मधला डिव्हाइस मॅपर एसडीबीला उघडून बसलेला असतो. डीएमसेटअप डेप्स दिलं की कोणतं मॅपिंग ८:१७ किंवा ८:१८ वर उभं आहे ते दिसतं. आधी त्यावरची फाइल सिस्टिम यूमाउंट करायची, मग क्रिप्टसेटअप क्लोज किंवा डीएमसेटअप रिमूव्ह. डिस्कवरची एखादी आयएसओ फाइल लूप डिव्हाइसला (फाइलच डिस्कसारखी दाखवणाऱ्या डिव्हाइसला) जोडलेली असेल तर लोसेटअप -ए मध्ये सापडते. एनएफएसने ते फोल्डर नेटवर्कवर बाहेर दिलेलं असेल तर धरणारा कर्नलच असतो आणि प्रोसेसच्या यादीत कोणी दिसत नाही. एक्सपोर्टएफएस -व्ही पाहा आणि तेवढा शेअर काढून टाका.

धरणारा सुटल्याची परीक्षा सोपी आहे. एसडीसी जिथे माउंट असेल तिथून यूमाउंट करा, केबल काढून परत लावा. डिस्क एसडीबी म्हणून आली तर मागे कोणी उरलेलं नाही.

लेझी यूमाउंटने काय होतं

यूमाउंट -एल हा उपाय सगळीकडे सापडतो आणि मला तो अजिबात आवडत नाही. तो धरणाऱ्याला सोडवत नाही. माउंट फक्त यादीतून काढून टाकतो. फाइल सिस्टिम मागे जिवंतच राहते, आणि आता ती फाइंडएमएनटीला किंवा फ्यूजरलाही दिसत नाही. शोधायची सोपी वाट आपणच बंद करून घेतो. धरणारा माहीत आहे पण आत्ता थांबवता येत नाही, अशा वेळी तो ठीक. निदान व्हायच्या आधी मात्र नको.

डेस्कटॉपवर हे तुमच्या नकळत होतं. फाइल मॅनेजरने डिस्क माउंट केली असेल तर ते काम यूडिस्क्सने केलेलं असतं, आणि डिस्क उपटली गेली की यूडिस्क्स मागचं माउंट याच पद्धतीने आवरतो. सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये, म्हणजे मशीनच्या लॉगमध्ये, 'क्लीनिंग अप माउंट पॉइंट' आणि कंसात 'डिव्हाइस ८:१७ नो लाँगर एक्झिस्ट्स' अशी ओळ मिळते. म्हणून डेस्कटॉपवर सहसा माउंट उरलेलं दिसत नाही, तरी नवं नाव एसडीसी येतं. अशा वेळी थेट नंबराने शोधायला लागा.

एक्सएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांना याचा वेगळाच फटका बसतो. तीच डिस्क परत लावून माउंट करायला गेलं की कर्नल 'ड्युप्लिकेट यूयूआयडी' म्हणून नकार देतो. जुनी फाइल सिस्टिम मागे जिवंत असते आणि तिचा यूयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, तोच असतो. पुष्कळजण तिथे 'नोयूयूआयडी' हा पर्याय देऊन पुढे जातात. जुनी मोकळी करणं हाच खरा उपाय आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ६.५ कर्नलपासून एक चांगला बदल झाला. डिस्क गेली की ब्लॉक लेयर वरच्या फाइल सिस्टिमला तसं लगेच कळवतो, आणि एक्सटी४ व एक्सएफएस या फाइल सिस्टिम तिथल्या तिथे बंद होतात. पूर्वी पुढचं लिखाण फसल्यावरच त्यांना पत्ता लागायचा. चुका लवकर दिसतात हा फायदा मोठा आहे. माउंट आणि नंबर मात्र अजूनही धरणाऱ्याने सोडल्यावरच सुटतात.

रिकाम्या फोल्डरमध्ये जाणारा बॅकअप

यातलं सगळ्यात मोठं नुकसान नावाच्या घोळाने होत नाही. माउंट निघून गेल्यावर /एमएनटी/बॅकअप हे साधं रिकामं फोल्डर उरतं, आणि रात्रीची स्क्रिप्ट मुकाट्याने त्यातच लिहीत राहते. मूळ डिस्क भरते, डेटाबेस बंद पडतो, आणि बॅकअप 'यशस्वी' म्हणून नोंदला जातो. याला दोन गोष्टी करा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट -क्यू ने तपासा, माउंट नसेल तर तिथेच थांबा. आणि डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचएटीटीआर +आय लावा. मग माउंट नसताना रूटलाही त्यात लिहिता येत नाही, आणि माउंट झाल्यावर वरच्या डिस्कवर त्याचा काही परिणाम होत नाही.

एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) /डेव्ह/एसडीबी१ असं नाव कधीच लिहू नका. बीएलकेआयडीने यूयूआयडी काढा आणि तो लिहा. जोडीला 'नोफेल' द्या, नाहीतर डिस्क नसताना मशीन बूट होताना अडून बसेल. एकाच मेकच्या अनेक डिस्क आलटून पालटून लावत असाल तर /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी मधली नावं बरी, कारण त्यांत डिस्कचा सीरियल नंबर असतो. डीडी कमांडने जशीच्या तशी प्रत काढलेल्या दोन डिस्कचा यूयूआयडी एकच असतो, त्या एका वेळी लावू नका.

डिस्क मुळात सुटते का

नाव आणि माउंट मार्गी लावूनही डिस्क सुटतच राहिली तर कारण बहुधा वीज असतं. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. फिरती हार्ड डिस्क सुरू होताना त्यापेक्षा जास्त ओढू शकते. रास्पबेरी पाय ४ वर सगळे यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर एवढंच मिळतं. तिथे डीमेसेजमध्ये 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड' शोधा, आणि व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड देऊन पाहा. उत्तर ०एक्स० असेल तर ठीक. ०एक्स५०००० आलं तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब हा यावर खरा उपाय. आपल्याकडे त्यातही एक मेख आहे. लाईट जाऊन इन्व्हर्टरवर येताना क्षणभर खंड पडतो, मशीनचा सप्लाय तो निभावून नेतो, हबचा स्वस्त अडॅप्टर निभावत नाही, आणि हबवरच्या सगळ्या डिस्क एकदम सुटतात. डिस्कनेक्टच्या ओळींच्या वेळा आणि लाईट गेल्याच्या वेळा जुळवून पाहा. जुळल्या तर हब यूपीएसवर न्या.

वीज ठीक असेल आणि लॉगमध्ये 'यूएएस' ने सुरू होणाऱ्या अबॉर्टच्या ओळी असतील, तर डिस्कच्या डबीतली चिप आणि यूएएस (यूएसबी डिस्कसाठीचा नवा, वेगवान) ड्रायव्हर यांचं जमत नाही. एलएसयूएसबीमधून डबीचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट नंबर घ्या, बूट होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या ओळीत यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स= पुढे तो लिहून शेवटी ':यू' द्या. मग जुना, थोडा हळू, पण खात्रीचा ड्रायव्हर लागतो. लॉगमध्ये नुसतं 'रीसेट' असेल आणि 'डिस्कनेक्ट' नसेल, तर साखळी तुटलेली नाही, नाव बदलणार नाही. तरी केबल बदलून बघाच.

मुद्दाम काढताना

फाइल कॉपी झाल्याचं दिसलं तरी डेटा काही काळ मेमरीतच असतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंदांपर्यंत तो लिहायला घेतलाही जात नाही. /प्रोक/मेमइन्फो मधली 'डर्टी' ही ओळ पाहत राहिलात तर आकडा उतरताना दिसतो. म्हणून क्रम असा: यूमाउंट, मॅपिंग असेल तर तेही बंद, मग यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी. ती कमांड डिस्कची कॅशे उतरवते, चकती थांबवते आणि यूएसबीवरून उपकरण काढते. यूडिस्क्स नसलेल्या सर्व्हरवर /सिस/ब्लॉक/एसडीबी/डिव्हाइस/डिलीट मध्ये १ लिहा. हे करताना कर्नल 'माउंट आहे का' असं विचारत नाही, चालू मूळ डिस्कसुद्धा तेवढ्याच तत्परतेने काढतो. एंटर मारण्याआधी अक्षर पुन्हा वाचा. केबल न हलवता डिस्क परत हवी असेल तर त्या यूएसबी उपकरणाच्या फोल्डरमधल्या 'ऑथराइज्ड' मध्ये आधी ० आणि मग १ लिहिलं की सगळी साखळी नव्याने उभी राहते.

याच जातीच्या इतर तक्रारी

आर्डुइनोची टीटीवाययूएसबी० परत लावल्यावर टीटीवाययूएसबी१ होते, ती याच कारणाने. सीरियल मॉनिटर उघडा असताना केबल काढली की ० हा नंबर त्या प्रोग्रामच्या हातात राहतो. प्रोग्राम बंद करून बोर्ड परत लावा. रोजचंच असेल तर /डेव्ह/सीरियल/बाय-आयडी मधलं नाव वापरा.

विंडोजमध्ये 'हे डिव्हाइस सध्या वापरात आहे' म्हणून इजेक्ट अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पीएनपीची २२५ नंबरची नोंद शोधा. कोणत्या प्रोग्रामने अडवलं ते तिच्यात नावासकट असतं.

नेटवर्क कार्डाचं वागणं वेगळं. तिथे कर्नल नंबर अडकवून पुढे जात नाही, काढणी पुरी व्हायची वाट पाहत थांबतो आणि दर १० सेकंदांनी 'अनरजिस्टर_नेटडिव्हाइस: वेटिंग फॉर … टु बिकम फ्री' असं छापतो. थोड्या वेळाने थांबलं तर सोडून द्या. थांबतच नसेल तर कर्नलच्याच कुठल्यातरी भागाने रेफरन्स परत केलेला नाही. प्रोसेस मारून तो सुटत नाही. कर्नल नव्या आवृत्तीवर नेणं एवढंच हाती असतं.

रीस्टार्ट खरंच लागतो तेव्हा

धरणारी प्रोसेस पीएसच्या यादीत 'डी' या अवस्थेत असेल आणि काही मिनिटांनीही तिथून हलत नसेल, तर ती किल -९ ला ऐकणार नाही. ती कर्नलच्या आत कशाची तरी वाट पाहत अडकली आहे. अशा वेळी साधा रीस्टार्टही यूमाउंटच्या पायरीवर अडू शकतो. आधी डीमेसेज दुसऱ्या डिस्कवर किंवा दुसऱ्या मशीनवर वाचवून ठेवा, चालू डेटाबेस हाताने बंद करा, आणि मग /प्रोक/सिसआरक्यू-ट्रिगर मध्ये क्रमाने एस, यू आणि बी ही अक्षरं लिहा. एसने उरलेल्या डिस्कांवरचं लिखाण उतरतं, यूने त्या फक्त वाचण्यापुरत्या होतात, बीने मशीन लगेच रीबूट होतं. एस आणि यू यांच्यामध्ये थोडा वेळ जाऊ द्या, आणि डीमेसेजमध्ये 'इमर्जन्सी सिंक कम्प्लीट' दिसल्याशिवाय बी लिहू नका.